चाकावरचा शेंदूर

चाकण, २२ सप्टेंबर २०२४

ती. बाबा व माय यांच्या चरणी अमरचा सा. न.

वि. वि. की, फोनवर मी नुसता हो-हो करतो म्हणून बाबांनी लिहायले लावलं, तं वाचा आता.

मी खुशाल आहो. आमची चाकं महागड्या मोटारींची. अ‍ॅल्युमिनियमचा तापलेला ठोकळा मोठ्या प्रेसखाली दाबला की कणकेच्या गोळ्यासारखा पसरते. ओतलेल्या चाकापेक्षा हे हलकं, आणि मजबूतही. मग भट्टीत ताव, लेथवर कोरणं. मी आता टेस्टिंगमध्ये आहो. लॉटमधलं एक चाक मशीनवर बांधून, वाकवत-वाकवत दिवसभर फिरवायचं. मग लाल रंग लावून पुसायचा, वरून पांढरी पावडर फवारायची. भेग असली तं तिच्यात मुरलेला रंग रेघ होऊन वर येते. रेघ दिसली की अख्खा लॉट वितळवतात.

मी नुसता बसून पाहून राहतो. नागपूरचं हॉटेल सोडलं, सुरतची मिल सोडली. इथंही पाय शिवशिवतात. नंदिनीचे बाबा, लीलाधरमामा, सोयरिकीचं काय म्हणाले ते कळवा. माया असू द्या.

आपला अमर

पवनी, ४ ऑक्टोबर

चि. अमर यास मायचे अ. उ. आ. लिहिणार बहीण खुशबू.

इकडे सारे बरे. नदीचं पाणी उतरलं, मासोळी बरी लागून राहिली. सानगडीहून लीलाधरमामा येऊन गेले. नंदिनीले तू पसंत आहेस. पण मामा म्हणाले, पोरगं दिवाळीपर्यंत त्याच कारखान्यात टिकलं तं तारीख काढू, माझी पोरगी त्याच्या मागं गावोगाव फिरणार नाही. बाबा सुपारी कातरत बसले.

माय म्हणते, पायात दोरी बांध पण तिथंच राह्य. आणि बाबा खंडेनवमीले जाळ्याले अन् डोंग्याले लावतात, तसा तूही ज्याच्यावर पोट आहे त्याले शेंदूर लावजो. आठवण ठेवजो, आमचीही.

खुशबू

चाकण, १८ ऑक्टोबर

ती. बाबा व माय यांस सा. न. वि. वि.

हे पत्र पुरं वाचा, मग रागवा. नवमीले सगळे मशीनले फुलं वाहून राहिले होते. माझं पोट चाकावर, म्हणून मी टेस्टच्या चाकाले, मधल्या खाचेत, तेलातला शेंदूर लावला. दसरा झाल्यावर तेच चाक उतरवून तपासलं, तं खाचेत लाल रेघ. आमचे साहेब श्रावणजी, त्यांनी लॉट थांबवला. भट्टीवाले प्रेसवाल्यांवर ढकलू लागले, प्रेसवाले भट्टीवाल्यांवर. मले समजलं होतं, पण तोंड उघडेना. जेवणाच्या सुट्टीत रूमवर जाऊन बॅग भरली, स्टँडवर जाऊन बसलो. गाडी लागली. मनात म्हटलं, चढलो तं मामाचंच खरं, आणि इतक्या लोकांची मेहनत भट्टीत जाईल ते वेगळं.

परत गेलो. साहेबाले सांगितलं की ती भेग नाही, माझी भक्ती आहे. त्यांनी जे ऐकवलं ते मायपुढं लिहिता येत नाही. चाक धुऊन पुन्हा रंग, पुन्हा पावडर. बाबा गळ टाकून बसतात तसा मी टक लावून होतो. रेघ आली नाही. लॉट सुटला. मले लेखी समज देऊन कामावर ठेवलं. साहेब म्हणाले, पुढच्या वर्षी शेंदूर आपल्या कपाळाले लाव.

मामाले हे तुम्हीच सांगा. लपवून सोयरीक नको. नाही म्हणतील तं म्हणू द्या. मी इथंच आहो. लोभ कमी करू नका.

अमर

पवनी, २६ ऑक्टोबर

चि. अमर यास मायचे अ. आ. लिहिणार खुशबूच.

माय म्हणते, तिनं चाकाचं नाव काढलंच नव्हतं. बाबा सानगडीले गेले, पत्र वाचायले मलेही नेलं. मामींनी तोंडाले पदर लावला. नंदिनी आतून म्हणाली, लग्नात नवरदेवाजवळ शेंदराची डबी ठेवू नका. मामा मात्र हसले नाहीत. स्टँडवरचं पुन्हा वाच म्हणाले. वाचलं. मग विचारलं, त्याले परत आणायले कोण गेलतं? मी म्हटलं, कोणीच नाही. मामा उठले. खुंटीवरचं पंचांग काढलं आणि बाबांजवळ सरकून बसले.

तुळशीच्या लग्नानंतरची तारीख निघाली. रजा आत्ताच मागून ठेव. बाकी माया आहेच.

खुशबू