शेवटचा अंगठा

५ मार्च

तीर्थरूप आप्पांस,
मुंगीचा शि. सा. न. वि. वि.

फोन करत नाही म्हणून आई रागावली आहे, तिला सांगा की फोनवर तुम्हाला माझं निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तुम्ही मनाने भरता. मागे मी वसतिगृहात गरम पाणी नाही म्हटलं, तर तुम्ही मला नोकरी लागली असं शेडभर सांगून आलात. जन्मभर लेथच्या घरघरीत काढलेल्या कानांशी भांडण्यापेक्षा कागद बरा.

आता वाईट बातमी आधी सांगते, कारण चांगली नाहीच. पहिल्या प्रात्यक्षिकात मी नापास झाले.

तुम्ही विचारलं होतं की तिथे करता तरी काय. चिप बनवणारी यंत्रं आतली हवा पार काढून टाकलेल्या पोकळीत काम करतात. ती यंत्रं जुळवणारे आणि दुरुस्त करणारे लोक आमच्या या कॉलेजात तयार होतात. परीक्षेला प्रत्येकाने स्टीलच्या कड्या स्वतः लेथवर कातायच्या, औषधाच्या पाण्यात धुवायच्या, भट्टीत वाळवायच्या. मग पांढरा डगला आणि हातमोजे घालून क्लीनरूममध्ये, म्हणजे धूळही न शिरणाऱ्या खोलीत, त्या कड्यांचा डबा जुळवायचा आणि पंपाने हवा ओढून काढायची. पडद्यावरचा आकडा ठरलेल्या रेषेखाली गेला की पास. माझा आकडा अर्ध्या वाटेत येऊन बसला तो बसलाच, सासुरवाडीला आलेल्या जावयासारखा.

कातण्यात मी वर्गात पहिली आहे. पोरंपोरी मला ताई म्हणतात आणि हत्यार कसं धरायचं ते माझ्याकडून शिकतात. ती सगळी पास झाली. शिकवून मी मागे राहिले, हसावं की रडावं कळत नाही.

काम सुटल्यावर उशिरा शिकायला आलेल्यांना दोनच संधी असतात. दुसरी एप्रिलअखेर. ती गेली की कॉलेजातली जागा गेली आणि ही खोलीही गेली. परत यावं तर आपली शेडही मालकाला रिकामी करून हवी आहे. मी फार घाबरले आहे आप्पा. आईला यातलं थोडंच सांगा.

तुमची,
मुंगी


१४ मार्च

चि. मुंगीस,
आप्पाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र वाचलं. आईला थोडंच सांगायला गेलो, तिने उरलेलं माझ्या तोंडावरून वाचलं. ती म्हणते पोरगी वाळली असेल. मी म्हटलं, तीसपस्तिशीच्या बाईला पोरगी म्हणू नये. त्यावर मला जेवण उशिरा मिळालं.

एकदा नापास झालीस, म्हणून काय आभाळ कोसळलं? मी पहिला जॉब बिघडवला तेव्हा उस्तादाने तो माझ्या पायाशी फेकला होता. तुझ्या हातात काम आहे. शेडमध्ये लोखंडाचा चुरा वेचत फिरायचीस, म्हणून तर नाव मुंगी पडलं. पुढे माझ्या शेजारच्या लेथवर उभी राहिलीस तेव्हा गिऱ्हाईक विचारायचं, यातला जॉब बापाचा कुठला आणि लेकीचा कुठला.

डोळ्यांत तेल घालून काम कर आणि शेवटचा अंगठा विसरू नकोस. मोजमाप, यंत्रं, पडदे सगळं ठीक आहे, पण जॉब हातावेगळा करण्याआधी आतल्या कडेवरून अंगठा एकदा फिरवायचा. कुठे केसाएवढी बर, कातताना सुटलेली धार, राहिली असेल तर अंगठ्याला कळते, डोळ्याला कळत नाही. त्याशिवाय माझ्या हातून एक जॉब बाहेर गेला नाही.

इकडचं म्हणशील तर मालकाने पुन्हा निरोप धाडला आहे. लेथ कुठे न्यायचा हा प्रश्न आहे, तो काही पंख्यासारखा काढून नेता येत नाही. शेजारच्या दाढीवाल्याने त्याच्या शेडमध्ये रोजावर बोलावलं आहे. या वयात दुसऱ्याच्या मशीनवर उभं राहायचं जिवावर येतं, पण घरी बसून आईच्या पायात पायात करण्यापेक्षा बरं.

आईने तुला नीट झोपायला सांगितलं आहे. आहेस तिथे खंबीर राहा, आमचा जीव तुझ्यापाशीच आहे.

तुझा,
आप्पा


२ एप्रिल

तीर्थरूप आप्पांस,
मुंगीचा शि. सा. न. वि. वि.

माझ्या नाकी नऊ आले आहेत. सरावाला डबा पुन्हा पुन्हा जुळवला आणि आकडा प्रत्येक वेळी तिथेच अडतो. गळती असेल म्हणून बाईंनी, म्हणजे आमच्या शिक्षिकेने, सगळ्या सांध्यांवर बाहेरून हेलियम वायू सोडून बघितला. गळती असती तर तो आत शिरला असता आणि यंत्र ओरडलं असतं. यंत्र गप्प. बाई म्हणाल्या की बाहेरून काही येत नाही, आतच काहीतरी आहे, तेलाचा नाहीतर घामाचा अंश, तो पोकळीत सुटत राहतो म्हणून आकडा उतरत नाही.

त्यांनी मला सरळ विचारलं की धुतल्यावर कड्यांना उघडा हात लागतो का. मी शपथेवर नाही सांगितलं. भट्टीतून काढण्यापासून पुढे हातमोजे, हा इथला पहिला धडा आहे, तो मी नव्या मुलांना पढवते! बाईंचा विश्वास बसला नाही हे मला दिसलं. नापास म्हटलं तर मी गिळते, खोटारडी ठरले तर काय करू?

आता धुवायचं पाणी बदललं, साबण बदलला, भट्टीत दुप्पट वेळ ठेवलं. आकडा हलत नाही. खोलीतली मुलगी म्हणते की मी झोपेत आकडे बोलते. खाल्लेलं अंगी लागत नाही. काल जिन्यात बसून रडले आणि कुणी आलं तेव्हा बुटाची नाडी बांधायचं सोंग केलं.

आप्पा, लेथ विकू नका. मी नापास झाले तर मला उभं राहायला तेवढीच जागा आहे.

तुमची,
मुंगी


१० एप्रिल

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर बघून हसू नकोस. नाचता येईना अंगण वाकडं म्हणशील, पण खरंच पेन वाकडं आहे आणि मनगट जरा लचकलं आहे. म्हणून थोडक्यात.

तू खोटं बोलत नाहीस हे मला ठाऊक आहे. बाईंनाही कळेल. घाई करू नकोस. जॉब नीट बघ. शेवटचा अंगठा फिरव, मनाला स्वस्थता येते.

लेथचं मी बघतो. तू त्याची काळजी करू नकोस. आई बरी आहे. मी बरा आहे.

आप्पा


१६ एप्रिल

आप्पांस,
नमस्कार.

सापडलं. ऐका.

काल भट्टीतून कड्या काढताना बाई माझ्यामागे उभ्या होत्या, मला ठाऊक नव्हतं. मी एकेक कडी उचलून ट्रेमध्ये ठेवली आणि हातमोजे बदलायला वळले, तर त्यांनी मनगट धरलं. म्हणाल्या, आत्ता काय केलंस ते पुन्हा कर. मी म्हटलं, काहीच केलं नाही. त्यांनी कडी खिडकीपाशी नेली आणि तिरक्या उजेडात धरली. आतल्या कडेवर अंगठ्याचा ठसा होता, माझा. दुसरीवरही तिथेच, तिसरीवरही तिथेच. मग जुन्या सरावातल्या, कपाटातल्या कड्या काढल्या. प्रत्येकीवर, त्याच जागी.

उजवा मोजा मी उतरवते, अंगठा फिरवते आणि मोजा पुन्हा चढवते. हे सगळं माझा हात करतो आणि मला पत्ता नसतो. बाई म्हणाल्या की तू खोटं बोलत नव्हतीस हे मला पटलं, पण नियम तो नियम, परीक्षेत असा एक ठसा निघाला तर मी काही करू शकणार नाही.

तेव्हापासून अंगठा चिकटपट्टीने तळव्याला बांधून सराव करते आहे. पट्टी काढली की हात पुन्हा तिकडेच जातो. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, आणि मला तर एप्रिलअखेरपर्यंतच वेळ आहे. झोपेतसुद्धा अंगठा चादरीच्या काठावरून फिरतो, खोलीतल्या मुलीने बघितलं.

तुमच्या अंगठ्याने माझा घात केला आप्पा. प्रत्येक पत्रात तेच, शेवटचा अंगठा, शेवटचा अंगठा! मला हे शिकवण्याआधी तो मशीनमध्ये गेला असता तर बरं झालं असतं. लिहू नये ते लिहिलं, पण आज खोडायची ताकद नाही.

मुंगी


२१ एप्रिल

चि. मुंगी,
आईचा आशीर्वाद.

तुला पत्र लिहायची मला सवय नाही. लिहिणं यांच्याकडे आणि ओरडणं माझ्याकडे अशी आमची वाटणी. पण आता यांच्याने लिहवत नाही आणि मला गप्प बसवत नाही.

तुझं पत्र यांनी वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. जेवायला बसले नाहीत. मी विचारलं तर म्हणाले की मुंगीचं बरोबर आहे. मी पत्र खिशातून काढून वाचलं. तुझ्यावर संतापले, मग रडले, मग पुन्हा संतापले. आता ऐक आणि घाबरू नकोस.

यांचा उजवा अंगठा गेला आहे, मुळापासून. मार्चअखेरीस, दाढीवाल्याच्या शेडमध्ये. जॉब झाला म्हणून यांनी मशीन बंद केली, पण ती मशीन बंद केल्यावरही बराच वेळ फिरत राहते. आपली फिरत नाही. फिरता जॉब डोळ्याला थांबल्यासारखाच दिसतो म्हणे; आवाजावरून कुणालाही कळलं असतं, यांना ऐकू आलं नाही. आणि यांनी नेहमीसारखा अंगठा फिरवला. एवढंच झालं. दाढीवाल्याने रिक्षात घालून दवाखान्यात नेलं, बिचारा अजून रोज येऊन बसतो.

तुला कळवायचं नाही अशी मला शपथ घातली होती. परीक्षा होईपर्यंत मुंगीला काही कळता कामा नये म्हणाले. वेडंवाकडं पत्र डाव्या हाताने लिहिलं आणि पेनाला दोष दिला. त्यातही तुला तोच उपदेश. मी म्हटलं, अहो, ज्याने हात खाल्ला तेच पोरीला शिकवताय? तर म्हणाले, दुसरं मला काय येतं.

शपथ मी मोडली. जन्मभर यांचं ऐकलं, एवढं नाही ऐकलं तर काही बिघडत नाही.

तू लिहिलंस ते मनात धरून बसू नकोस, हेही धरत नाहीत. काल यांनी मला एक निरोप लिहायला सांगितला, तो जसाच्या तसा देते. म्हणाले, तिला सांग की अंगठ्याशिवाय बटण लावायला मी शिकतो आहे, फार अवघड जातं, पण आज एक लागलं. तिनेही शिकावं.

इकडे यायचं नाही. आलीस तर दार उघडणार नाही. आधी परीक्षा दे.

तुझी,
आई


३० एप्रिल

तीर्थरूप आप्पा आणि आई यांस,
मुंगीचा शि. सा. न. वि. वि.

आईचं पत्र आलं त्या दिवशी मी पिशवी भरली होती. स्टॅंडपर्यंत गेले आणि परत आले, कारण आई खरंच दार उघडणार नाही.

आप्पा, मी जे लिहिलं त्याची माफी कोणत्या तोंडाने मागू? ते वाक्य दिवसरात्र माझ्यापुढे उभं आहे. मी ते लिहीत होते तेव्हा तुमचा हात बांधलेला होता आणि तुम्ही माझ्या परीक्षेची काळजी करत होतात. मला क्षमा करा म्हणण्याचीही लाज वाटते, पण करा.

आज परीक्षा झाली. चिकटपट्टी लावू देत नाहीत. भट्टी उघडली. पहिली कडी उचलली आणि अंगठा निघालाच आप्पा, मोजा सोडवायला दुसरा हातही पुढे आला. तेव्हा मला तुमचं बटण आठवलं. मी अंगठा तळव्यात दुमडला, त्यावर बोटं आवळली आणि उरलेलं काम अंगठा नसल्यासारखं केलं. एक नट पडला. बाकीच्यांचं आटोपलं तरी मी जुळवतच होते. बाई दाराशी उभ्या होत्या.

पंप लावला. आकडा उतरत उतरत नेहमीच्या जागी आला आणि थांबला. मग तो पुन्हा हलला आणि रेषेखाली गेला.

मी पास झाले. कॉलेजातली जागा राहिली आणि खोलीही राहिली.

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मला आनंद झाला नाही. आतली कड साफ आली की नाही हे मला माहीत नाही. पहिल्यांदाच मी एक जॉब हात न लावता दिला, ना तुमचा अंगठा त्यावर फिरला ना माझा. यंत्र म्हणतं चांगला आहे. बाईंना मी त्यातली एक कडी मागितली, त्यांनी दिली. ती या पत्रासोबत पाठवते आहे. आता तिला हात लागला तरी चालतो. डावा अंगठा फिरवून मला सांगा.

सुट्टी लागली की पहिल्या गाडीने येते. तोवर रागवा, पण लिहा.

तुमची,
मुंगी


८ मे

चि. मुंगीस,
अनेक आशीर्वाद.

पास झालीस. आईने शेजारीपाजारी सांगितलं, मला ऐकू आलं एवढ्या मोठ्याने.

क्षमा वगैरे लिहू नकोस. पत्र बापाला लिहितेस, कोर्टाला नाही.

गेल्या आठवड्यात लेथ विकला गेला. चार माणसांनी ओढला. मला राखता आला नाही. शेडच्या जमिनीवर त्याच्या पायांचे चौकोन राहिले आहेत, शेड सोडायची म्हणून आई रोज घासते, जात नाहीत.

कडी मिळाली. डावा अंगठा बराच वेळ फिरवला, पण त्याला काही कळत नाही, त्याने कधी काम केलेलंच नाही. मग आईला फिरवायला दिली. ती म्हणते गुळगुळीत आहे. पण तिला तिची पातेलीसुद्धा गुळगुळीतच वाटतात.

तेव्हा तू आलीस की तूच बघून मला सांग. तोवर उशाशी ठेवली आहे.

आप्पा