काय हाय?

आक्का, तुम्ही वारलात तेव्हापासून वाचनालयात तुमच्या खुर्चीत मी बसते. काउंटर तोच आहे, मागची खोलीही तीच. तिथं आपण दोघी स्टोव्हवर चहा टाकून भडंग खात बसायचो आणि तुम्ही अख्ख्या पेठेच्या भानगडी सांगायच्या. आता मी डबा एकटीच खाते. हाताखाली कुणी नेमलं नाही, आणि वाचक पुस्तक बदलून निमूट निघून जातात.

वाचनालयाची वेबसाइट झालीय. तिच्यात पोरांसाठी 'कुमार विभाग' आहे आणि खाली निरोप लिहायचा एक चौकोन. त्यात कुणी काही लिहिलं की माझ्या काउंटरवरच्या कॉम्प्युटरवर येतं, आणि मी लिहिलेलं उत्तर त्यांना दिसतं. पण कुणी लिहीतच नव्हतं. वाचनालयाचं संचालक मंडळ म्हणालं, पोरं त्यात रमतात का ते बघून अहवाल द्या, नाहीतर बंद करून टाकू. म्हणून मी शेजारच्या शाळेतल्या नववीच्या चार मुली बोलावल्या आणि आतल्या कॉम्प्युटरांवर बसवल्या. चौकोनावर लिहिलेलं, 'आपली पृच्छा नोंदवावी.' एकीनं विचारलं, "काकी, पृच्छा म्हंजे? कुणाचा पिच्छा करायचा?" दुसरी म्हणाली, "हितं नुसते सत्काराचे फोटो हाईत की." खरंच होतं. कुमार विभागात एकही कुमार नाही, सगळे शाल-नारळवाले. पाच मिनिटांत तिघी आपापल्या मोबाइलमध्ये शिरल्या.

मला तुमची बोलणी आठवली. मी नवी होते, डिग्रीचा तोरा होता. काउंटरवर आलेल्या मुलाला मी विचारलं, "आपणास कोणता ग्रंथ हवा आहे?" ते पोरगं पळालं. तुम्ही म्हणालात, "अगं, ते पोरगं हाय, कलेक्टर न्हाय. असं बोलल्यावर परत येतंय व्हय?" आणि पुढच्या पोराला तुम्ही विचारलंत, "रडायचं का हसायचं?" तो म्हणाला, "हसायचं." तुम्ही उठून पुस्तक काढून दिलंत. मला तेव्हा राग आला होता, आक्का. चारचौघांत बोललात म्हणून.

चौथी मुलगी कोपऱ्यात होती. कोडोली गावची, शाळेसाठी इथं मावशीकडं राहते. आल्यापासून तोंडातून शब्द नाही. मी काउंटरवर येऊन बसले, एवढ्यात समोर तिचा निरोप उमटला, 'हाय'. मला वाटलं, काहीतरी हाय म्हणतीय, पुढचं लिहायचं राहिलं असेल. मी लिहिलं, 'काय हाय?' आतून खुदकन आवाज आला. ती हसत होती. मग तिनं लिहिलं, 'अवो काकी, ते इंग्लिशमधलं हाय.' आणि थोड्या वेळानं, 'शाळंत माझ्या बोलण्याला हसत्यात. म्हणून मी बोलतच न्हाय. तुमी घरच्यागत बोलला.'

दहा पावलांवर बसून आम्ही दोघी टाइप करत राहिलो. समोर गेले असते तर ती गप्प झाली असती, म्हणून मी उठले नाही. आता शाळा सुटली की तिचा निरोप येतो. कधी पुस्तक मागते, कधी मावशीनं काय केलं ते सांगते.

अहवालात लिहिलं की विभाग पोरांसाठी नाहीच, फोटो काढा, पृच्छा काढा, पण चौकोन ठेवा. अध्यक्ष म्हणाले, "एका पोरीसाठी ठेवायचं व्हय?" मी म्हणाले, "व्हय, एका पोरीसाठी." त्या खोलीत माझा आवाज पहिल्यांदाच एवढा चढला. दिवाळीपर्यंत राहू दे म्हणाले.

हे पत्र कुठं जायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. मंडळाला मी एकच पोरगी सांगितली, स्वतःचं सांगायला लाज वाटली. ज्या दिवशी तिचा निरोप येत नाही, त्या दिवशी मी कुणाशीच बोललेली नसते.