करंजाखालचा दगड आणि तांबडी रेघ

ता. ९ जाने. १९७९, मंगळवार

आणि वर म्हणतात रस्ता सगळ्यांसाठी आहे. सगळ्यांसाठी आहे तर सगळ्यांच्या अंगावरून जाऊ दे की. चावडीच्या भिंतीवर नकाशा लावलाय. घरं पिवळी, कारखाने जांभळे, शेतं हिरवी, आणि मधून साठ फुटी रस्त्याची तांबडी रेघ. फाट्यापासून निघते ती सरळ शरीफाभाभीच्या नवऱ्याच्या गॅरेजातून, आमच्या वरच्या वावरातून, बांधावरच्या करंजाच्या झाडावरून. पुढं कंपनीची भिंत आली की वाकते. हात कोपरात मोडावा तशी वाकते आणि भिंतीला वळसा घालून जाते. भिंतीसाठी वाकता येतं तर झाडासाठी का नाही? तिथंच मोठ्यानं विचारलं. तलाठी म्हणाला, "काकू, नकाशा शिकलेली माणसं काढतात." म्हटलं, त्या शिकलेल्यांना एकदा आमच्या बांधावर आणून उभं करा.

भिंतीआडची जमीनसुद्धा आमचीच होती. खालचं वावर. चौसष्ट साली कंपनीसाठी सरकारनं घेतली. तेव्हाही सगळ्यांसाठीच होती.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. ऐकून घेतलं, भाकरी खाल्ली, खाकी सदरा घातला, ड्युटीला गेले. त्याच कंपनीच्या गेटावर.

ता. ११ जाने.

सकाळी चुन्याची रेघ मारून गेले. खुंटी करंजापासून दोन हातांवर. म्हणजे झाड जाणार, झाडाखालचा दगडही जाणार.

चूक माझी आहे. पावसाळ्यात मोजणीवाले आले होते. मी खुरपत होते. एकानं करंजाकडे बोट करून विचारलं, "इथं काय हाय?" मी म्हटलं, "काय न्हाई." परक्या माणसाला काय सांगायचं? त्यानं वहीत लिहिलं, पडीक.

काय न्हाई म्हणाले मी. माझ्या तोंडानं.

बावीस वर्षं झाली. पहिली पोरगी. नवव्या दिवशी गेली. बाराव्याला नाव ठेवायचं होतं ते राहिलं. ह्यांनी नेली, बरोबर मामंजी. माझ्याच लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून. मला खोलीबाहेर येऊ दिलं नाही, बाळंतीण म्हणून. आणि तसंही बायका जात नाहीत पुरायला. सव्वा महिन्यानं सासूला विचारलं. म्हणाली, करंजाखाली, त्या चपट्या दगडापाशी, आणि आता पुन्हा इचारू नको.

नाही विचारलं. ह्यांना तर कधीच नाही. त्या दगडावर कधी गोवरी थापली नाही, म्हैस बांधली नाही. येताजाता हात लावते. बास. विलास दोन वर्षांनी झाला. त्यालाही माहीत नाही.

ता. १४ जाने., संक्रांत

शरीफाभाभी तिळगूळ घ्यायला आली. रडत होती. नगरहून आली तेव्हापासून बारा वर्षं गॅरेजमागच्या खोलीत राहते. तिचा नवरा म्हणतो, पिंपळे सौदागरला मेव्हण्याच्या जागेत टपरी टाकू. ती म्हणते, "तिथं कोण येणार गाडी दुरुस्त करायला, म्हशी?" आम्ही दोघी हसलो. मग पुन्हा रडली.

कसं काय कोण जाणे, तिला सांगून टाकलं दगडाचं. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "ताई, आमच्यात कबरीला कुणी हात लावत न्हाई. तुमी जाऊन सांगा की सायबाला. नाव काय होतं तिचं?"

म्हटलं, नव्हतं.

तिला तिळगूळ द्यायचा तो हातातच राहिला.

ता. १५ जाने.

विलास पहिल्या शिफ्टवरून आला तो हसतच. बापाच्याच कं.त लागलाय सहा महिन्यांपासून. म्हणतो, "आई, आबांची लई मजा उडवतात पोरं. सायकल स्टँडच्या कोपऱ्यात लिंबाखाली एवढी सावली, पण आबा तिथं एक सायकल लावू देत न्हाईत. काठी घेऊन अंगावर धावतात. आज सुपरवायझरनं स्कूटर लावली तर त्याला पण काढायला लावली. सगळी म्हणतात, वॉचमनमामांचं तिथं सोनं पुरलंय."

मी म्हटलं, म्हातारपण लागलंय त्यांना. कालवण वाढलं.

ता. १७ जाने., बुधवार

रस्त्याचा नकाशा काढणाऱ्या ऑफिसात गेले, विलासला घेऊन. अडीच तास बाकावर. माझ्या शेजारी रावेतचा एक म्हातारा, माझ्या माहेरचाच निघाला. त्याची विहीर रेघेत आलीय. पिशवीत विहिरीच्या पाण्याची बाटली घेऊन आला होता, साहेबाला चव दाखवायला.

साहेब तरणा. लातूरकडचा, बोलण्यावरून. बरा वाटला. म्हणाला, "मावशी, हरकतीच्या अर्जात घर असलं, विहीर असली, फळझाड असलं, देऊळ असलं तर मला लिहिता येतंय. तुमचं काय हाय तिथं?"

विलास बघत होता माझ्याकडे. मी सांगून टाकलं.

साहेबानं पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "कुठं नोंद हाय का? जन्माची, मरणाची?" म्हटलं, नाही. "नाव?" पुन्हा तेच. नाही.

"वहीत तर पडीक लिवलंय, मावशी."

"मीच सांगितलं तसं. तवा जीभ उचलली न्हाई."

म्हणाला, अर्ज द्या तरी. मी स्वतः येऊन जागा बघतो. दहा फूट सरकवता आली तर वरती लिहून बघीन. पण जागा नक्की पाहिजे, मोघम चालायचं नाही.

परत निघालो. आळंदीच्या गाडीला ही गर्दी, उभंच राहावं लागलं. उतरल्यावर विलास म्हणाला, "मला बहीण होती, आणि तू मला एका सायबापुढं सांगतीस?"

खरं आहे त्याचं.

ता. २२ जाने.

कांदे घेऊन चाकणला गेले होते. परत येते तर दगडाला शेंदूर. हळद, उदबत्ती, अर्धा नारळ. ट्रकवाले थांबून पाया पडून गेले म्हणे.

विलासचं काम. म्हणतो, "आई, देवळाला रस्ता वळतो. साहेबच म्हणाला न्हवं? आता म्हसोबा हाय म्हणायचं. चार म्हातारी साक्ष देतील, जुना हाय म्हणून."

"ती देव न्हाई. नऊ दिवसांची पोर हाय."

"पण जागा तर वाचंल!"

"वाचंल, आणि उद्यापासून तिच्यापुढं कोंबडी कापतील. चालंल तुला?"

रॉकेलचा बोळा घेऊन घासत बसले. शेंदूर लवकर निघत नाही. भेगांमध्ये राहिलाच. विलास आधी उभा होता, मग खाली बसला, काडीनं भेगा कोरायला लागला.

नारळ आतून नासका होता.

ता. २७ जाने., शनिवार

साहेब आला. सायकलवर, एकटाच, नकाशाची गुंडाळी पाठीला बांधून. पाणी दिलं. ह्यांना मुद्दाम सुट्टी घ्यायला लावली होती, कारण नेलं ह्यांनी, माहिती ह्यांना.

साहेबानं टेप काढली. "मामा, या दगडापासनं कोणत्या अंगाला? डोकं कुणीकडं? सांगा, मी खूण करतो."

हे उभे. टोपी काढली, पुन्हा घातली. मी ह्यांच्या तोंडाकडं बघते आहे, आणि हे दगडाकडं बघतच नाहीत. एकदाही नाही. बघत होते खाली, उताराला, कंपनीच्या भिंतीकडं. भिंतीवरून लिंबाचा शेंडा दिसतो तिकडं.

साहेब म्हणाला, "आठवत नसलं तर राहू द्या. सोमवारी, पाच तारखेला परत येतो. तवा मात्र नक्की सांगा, मावशी. त्यानंतर माझ्या हातात न्हाई."

तो गेल्यावर विचारलं. "इथंच न्हवं?"

"तुझी सासू बोलली ते बोलली," म्हणाले. आणि गोठ्याकडं गेले. म्हैस धुवायला. ती सकाळीच धुतलेली होती.

ता. २९ जाने.

झोप नाही की जेवण नाही. एकेक आठवतंय.

खालचं वावर जायचं होतं तेव्हा हे मोजणीवाल्यांवर कुऱ्हाड घेऊन धावले होते. शांत माणूस. सगळ्यांना नवल वाटलं. मला वाटलं, जमिनीसाठी. मग भिंत झाली, आणि दोन महिन्यांत त्याच कं.त वॉचमनकी धरली. गावानं तोंडावर थुंकायचं बाकी ठेवलं. मीही बोलले होते. लाज न्हाई वाटत का म्हणून बोलले होते. तेव्हाही म्हैस धुवायला गेले.

मागच्या गेटावर बदली झाली, सावलीत खुर्ची, काम कमी. गेले नाहीत. कंपनीच्या साहेबाच्या पाया पडून सायकल स्टँडावरच राहिले.

आणि सासू तरी कुठं गेली होती पुरायला? तीही बाईच. तिला कुणी काय सांगितलं?

मग मी बावीस वर्षं हात लावत होते तो नुसता दगड?

ता. ३१ जाने.

शरीफाभाभीला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मग तर रेघ बरोबर वाकली न्हवं? भिंतीला वळसा घातला म्हणून तुमी शिव्या देत होता, ती भिंतच तिला राखतीय." आणि जीभ चावली, कारण वाकल्या रेघेच्या अलीकडं तिची खोली आहे. ती तर जाणारच. त्यांनी पत्रे उतरवायला सुरुवात केली आज.

मला काही समजत नाही. अर्ज खोटा ठरतो. करंजाखाली कुणी नसेल तर कशाच्या जोरावर भांडू? आणि असेल तर? मी गप्प बसले आणि वरून रोलर गेला तर?

ता. १ फेब्रु., गुरुवार

तोंडानं विचारलं की हे उठून जातात. दोनदा झालं. म्हणून लिहून डब्यात ठेवलं, भाकरीच्या वरती. तिसरीपर्यंत शिकलेत, माझं अक्षर लागतं त्यांना. काय लिहिलं ते इथंही लिहून ठेवते, म्हणजे उद्या चिठ्ठी मिळालीच नाही म्हणायला नको.

"तुम्ही सांगितलं नाही, मी विचारलं नाही. दोघांचं सारखंच. भांडण त्याचं नाही. सोमवारी साहेब येणार. ती करंजाखाली असेल तर खुंटी मी उपटते, मग मला पोलीस नेऊ देत. ती लिंबाखाली असेल तर अर्ज मागं घेते. करंज जाऊ दे, रस्ता जाऊ दे. पण मग तुम्ही मला गेटातून आत न्यायचं. पास लागत असेल तर पास काढा. इतकी वर्षं तुम्ही तिच्यापाशी उभे, आणि मी परक्या दगडापाशी. रविवारी दिवे लागायच्या आत मला जागा सांगा. बोलवत नसेल तर नुसतं बोट दाखवा. पण रविवारी."