पाठीवरची पट्टी

ताई,
बाबांना जरा थकवा वाटतोय, म्हणून दवाखान्यात नेतोय. काळजी करू नकोस.

वरचं खोटं आहे. पुन्हा लिहितो.

दुपारी माझी घरूनच ऑनलाइन मीटिंग होती आणि बाबा कण्हत होते. मी त्यांना तुझी झोपेची गोळी दिली. "दे रे, नाहीतर तुझा साहेब घाबरायचा," असं म्हणत त्यांनी ती हसतच घेतली. तू बजावलं होतंस, बाबांच्या पाठीवरच्या, दुखणं थांबवायच्या पट्टीत अफूच्या जातीचं औषध आहे, त्यावर झोपेची गोळी नको, दोन्ही मिळून श्वासच मंदावतो. पट्टी सदऱ्याखाली होती आणि माझं लक्ष मीटिंगमध्ये. नंतर पाहिलं तर ओठ निळे, हाका मारून उठेनात.

अॅम्ब्युलन्सवाल्यांनी पट्टी पाहून काढली. आणखी काही दिलंय का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

आत्ता ते बाबांना जिन्यावरून उतरवतायत. तुझा फोन बंद आहे. तुला खरं लिहून झालं, आता खाली पळतो आणि त्यांनाही सांगतो. तुझ्या गोळ्या घरात शोधू नकोस. दाखवायला घेतल्यात.

छोटू