देगूंच्या वाटणीचे बेदाणे

१५ सप्टेंबर, सकाळी ७.१०. पिंजरे झाडून नुकताच बसलो.
आजपासून स्वातंत्र्याच्या सणाची सुट्टी. प्रयोगशाळेत मी एकटा. किल्ली देताना डॉ. इतुर्राबाई म्हणाल्या, एलीसेओ, देगूला साखर पचत नाही, लगेच मधुमेह होतो, म्हणून तर हे उंदीर पाळलेत. डावीकडच्यांना साखरेचं पाणी, उजवीकडच्यांना नुसतं गवत. बाकी डोकं चालवू नकोस.
केवढा विश्वास! तीस तारखेला मला कायम करणार, हे नक्की.

१६ सप्टेंबर.
आईने एम्पानादा पाठवल्या, सणाच्या भाजलेल्या तिखट करंज्या. खिमा, कांदा, अंडं ठीक; पण बेदाणे! मी खात नाही. आईला सांगितलं तर म्हणाली, मग दुसरी आई शोध.
वेचून बाजूला ठेवले. उजवीकडचे देगू फार केविलवाणे बघत होते.

१७ सप्टेंबर.
बेदाणे वाटले. डावीकडे जेवढे, उजवीकडे तेवढेच. प्रयोगात पक्षपात नको. आधी धुऊन घेतले. शिवाय बेदाणा म्हणजे फळ, साखर नव्हे.

१९ सप्टेंबर.
पुन्हा एम्पानादा. उजवीकडचे आता मला बघून शिट्ट्या मारतात. प्राण्यांचं प्रेम शिकून मिळत नाही.

२३ सप्टेंबर.
रक्ताचे नमुने घेतले. उजवीकडच्यांची साखर डावीकडच्यांच्या बरोबरीला! बाई पांढऱ्याफटक. दोन वर्षांचं काम. नमुने तपासणारा नेल्सन म्हणाला, मशीन बिघडलं असेल.
मी शांतपणे खरं कारण सांगितलं: शेजारच्या मैदानातली सणाची नाचगाणी. आवाजाने साखर वाढते. हा शोध आहे. बाई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. भारावल्या असाव्यात.

२६ सप्टेंबर.
उजवीकडच्या एका म्हाताऱ्या देगूने गवताखाली बेदाणे दडवले होते. कृतघ्न! बाईंनी विचारलं, हे आले कुठून? मी म्हटलं, चौकशी झालीच पाहिजे.

२७ सप्टेंबर.
बाईंनी सगळ्यांना एम्पानादा मागवल्या. मोठं मन! बाईंची ताटली साफ, नेल्सनची साफ. माझ्या ताटलीच्या काठाला बेदाणे, ओळीने.
बाई गोड आवाजात म्हणाल्या, खा की रे, बाळा.
मी म्हटलं, नको बाई, फार गोड असतात.
नेल्सन तोंड दाबून बाहेर पळाला.

३० सप्टेंबर.
कायम केलं नाही. किल्ली परत घेतली. उजवीकडचे सगळे देगू आता डावीकडे. मी निघताना शिट्ट्या मारत होते.
आईला सांगितलं. ती म्हणाली, मुकाट्याने खाल्ले असतेस तर!
उरलेली एम्पानादा गरम करून वाढली. मी बेदाण्यांसकट खाल्ली.
वाईट नाहीत.