विहीणबाईचं सॉकेट

कुडवा, मंगळवार, सांज

पाहुणी म्हणून आलेल्या विहीणबाईच्या खोलीत नात लॅपटॉपवर दिसते, माझ्या खोलीत नाही. काऊन? भिंतीतले नेटचे दोन्ही सॉकेट पोरानं एकाच दिवशी बसवले. आज त्यानं तिचीच वायर माझ्या सॉकेटात घातली, तरी बंद. मग बॅटरी मारून आत पाहिलं अन् म्हणाला, "आई, यात कुंकू अन् तांदूळ कोणी भरले वो?"

मीच. दसऱ्याले मशिनीची पूजा करतात ना? नात तिथूनच येते म्हणून जरा जास्तच कुंकू लावलं. विहीणबाईच्या सॉकेटाले मुद्दाम चिमूटभरही दिलं नाही. अन् तिचंच धडधाकट!

नवीन सॉकेट उद्या बसते. आज नातीचा कॉल तिकडेच वाजन. वाजू दे. उचलीन मी, विहीणबाईनं हात लावायचा नाही.