न विचारता सुधारलेली गाडी

आबा,

तुम्ही असताना आपण दोघं समोरासमोर बसून कधी बोललो नाही, त्यामुळे आता कुठून सुरुवात करावी ते कळत नाही. गाडीपासूनच करते. मागच्या रविवारी मी मामाची गाडी हुपरीला नेली. आई शेजारी बसली होती, इरकल नेसून, मांडीवर शेंगदाण्याच्या पोळ्यांचा डबा घेऊन. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याविषयी डायरीत पुष्कळ लिहिलं, बहुतेक रागानंच. तुम्हाला उद्देशून मात्र हे पहिलंच.

मामानं ती गाडी आणली तेव्हा मी सहावीत होते. तो बोटीवर इंजिनिअर होता. जपानच्या कुठल्याशा बंदरात त्यानं ती जुनी, दोन दारांची गाडी घेतली आणि नाना खटपटी करून इथवर आणली. लांब नाक, बसकं छप्पर, मोरपंखी रंग. हुपरीला मामाच्या गल्लीत ती वळत नव्हती, म्हणून ती उद्यमनगरात तुमच्या वर्कशॉपच्या शेडमध्ये आली. आजूबाजूचे सगळे हातातली कामं टाकून बघायला जमले होते. पलीकडचा लेथवाला मामाला म्हणाला, “पावणं, हिच्यात बसायचं का हिला पायात घालायचं?” सगळे हसले, मामाही हसला. पुन्हा बोटीवर जाताना त्यानं किल्ली तुमच्या हातात दिली आणि म्हणाला, “दाजी, आठवड्यातनं एकदा नुसती चालू करा. बाकी काय बी करू नका.” तेव्हा मी तिथंच उभी होते. तुम्ही मान डोलावली होती.

वर्षभर तुम्ही ते पाळलंत, हे मी मान्य करते. मग एकदा ती घेऊन इचलकरंजीला जाऊन आलात आणि आल्या आल्या म्हणालात, “आठ किलोमीटर देती. ही काय गाडी हाय? पेट्रोलचा नळ हाय नळ.” पुढच्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही तिचं इंजिन उतरवलंत आणि एका जुन्या जीपचं डिझेल इंजिन बसवायला घेतलंत. ते उंच, म्हणून बॉनेट कापून वर पत्र्याचं कुबड केलंत. गिअरबॉक्स बसेना, म्हणून खालची फरशी कापलीत. मी बॅटरीचा उजेड धरून उभी होते. “मामाला विचारलं?” असं मी म्हटलं, तेव्हा तुम्ही वर न बघता म्हणालात, “चांगलं करायला कुणाला इचारतंय व्हय कोण? तू नीट धर.” ते वाक्य मी त्या दिवशी वहीत लिहून ठेवलं. माझ्या डायरीची सुरुवात तीच, असं म्हणायला हरकत नाही.

मामा परत आला तो सरळ शेडमध्येच आला, बॅग खांद्यावर तशीच. तुम्ही ताडपत्री ओढलीत. त्यानं कुबडाकडे बघितलं, आत बसला, किल्ली फिरवली. टकटकटक असा आवाज शेडभर झाला. तुम्ही दाराला टेकून उभे आहात आणि तुमच्या चेहऱ्यावर पेपर चांगला गेलेल्या पोराचा भाव आहे. “वीस देती आता,” तुम्ही म्हणता. “वीस!” मामा गाडी बंद करून उतरतो. “दाजी, माझं इंजन कुठं हाय?” “मुरगूडकडं एका गुऱ्हाळावर दिलंय. उसाचा चरक फिरवतंय. जपानी माल, लई जोर!” आणि तुम्ही हसता, आबा. त्याला त्यात आनंद वाटेल अशी तुमची खात्री होती. मामानं किल्ली कामाच्या टेबलावर ठेवली आणि बॅग घेऊन स्टँडवर चालत गेला. घरी आईनं ताट वाढून ठेवलं होतं.

त्यानंतर तो आला नाही आणि आईलाही जाता आलं नाही. तुमच्या समोरून भावाकडे जाणं तिला जमलं नसतं, आणि तुम्ही जा म्हणाला नाहीत. “येईल की. राग गेला की येईल,” एवढंच. भाऊबीजेला ती गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळायची. ज्यांना भाऊ नसतो त्या बायका तसं करतात. माझ्या आईचा भाऊ तासाभराच्या वाटेवर होता. तुम्ही खाली बसून फराळ करायचात. एक ओळ लिहायची होती, एक फोन करायचा होता, चुकलं म्हणायचं होतं. तुम्हाला ते चुकलंय असंच वाटलं नाही. मामा तुमच्या वेळी स्मशानात आला, लांब उभा राहिला आणि तिथूनच परत गेला. त्यानंतरही त्याची गाडी तशीच ताडपत्रीखाली होती, आणि कुठल्या तोंडानं जाऊ, असं आई म्हणायची.

तीन वर्षांपूर्वी मी ती ताडपत्री काढली. आईला म्हटलं, “गाडी पहिल्यासारखी करते आणि आपण ती मामाला नेऊन देऊ.” आईनं विचारलं, “मग बोलंल तो?” मी म्हटलं, “बोलेल.” कशाच्या जोरावर म्हटलं कोण जाणे. पॉलिटेक्निकमध्ये मुलांना अंदाजानं आकडा लिहू नका म्हणून बजावणारी मी.

तुमच्या हाताखाली शिकलेले मिस्त्री सोबतीला आले. रविवार आणि सुट्ट्या, असं आमचं काम चाललं. तुम्ही कापलेली फरशी मी मोजली, मी इंजिनिअरिंगला लागले तेव्हा तुम्ही दिलेल्या व्हर्नियर कॅलिपरनंच. काप सरळ होता, जोडही इतके साफ की मिस्त्री त्यावरून अंगठा फिरवून म्हणाले, “हात बगा की मालकांचा.” मला ते ऐकवलं नाही. वाईट हातानं केलं असतं तर मी तुम्हाला लवकर माफ केलं असतं.

मुरगूडला गेलो तेव्हा गुऱ्हाळाचा मालक म्हणाला, “त्यो जपानी व्हय? हाय की. दोन हंगाम रॉकेलवर पळवला, मग जाम झाला.” चिपाडांच्या ढिगामागं ते पडलं होतं आणि त्यावर कोंबडी बसली होती. आम्ही ते टेम्पोत घालून आणलं. सिलिंडरांना नवे स्लीव्ह बसवले, पिस्टन जपानहून मागवले, हेडला वेल्डिंग करून घेतलं. दोन्ही कार्ब्युरेटर गेलेले, म्हणून त्यांच्या जागी आजकालचं फ्युएल इंजेक्शन बसवलं. मूळ गिअरबॉक्स मिळेना, म्हणून दुसऱ्या गाडीचा पाच गिअरचा आणला आणि तो बसावा म्हणून फरशी पुन्हा थोडी कापली. ब्रेक बदलले, कारण जुने मला पटेनात. सगळ्यांना मी सांगत होते की गाडी मूळपदावर आणतेय. डायरीत मात्र त्या काळात मी ‘सुधारणा’ हा शब्द किती वेळा लिहिलाय ते आता वाचून अंगावर येतं.

आणि या तीन वर्षांत आईच्या डोळ्यांत काचबिंदू वाढत गेला. “झाली का गं गाडी?” ती विचारायची. “गिअरबॉक्स आला की झाली, आई.” मग रंग. मग सीटचं कापड. राजारामपुरीतल्या डॉक्टरांनी गेल्या वर्षी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, राहिली आहे ती टिकवायची. त्या दिवशी दवाखान्यातून आईला घरी सोडलं आणि मी शेडमध्ये गेले, कारण मिस्त्री सायलेन्सर बसवणार होते. हे मी लिहिते आहे कारण तुमच्याबद्दल लिहिताना मी काही सोडलं नाही.

रविवारी हुपरीला गाडी गल्लीच्या तोंडाशीच लावली. पोरं जमली. मामा काठी टेकत बाहेर आला, आता अठ्ठ्याहत्तरचा आहे. आई गाडीला धरून उभी होती. तो दोन हातांवर आला तरी तिला चेहरा दिसेना. “कोण हाय?” ती म्हणाली. “मी हाय गं,” तो म्हणाला, तेव्हा आवाजावरून तिनं ओळखलं. तिनं त्याच्या गालावरून, कानांवरून हात फिरवून बघितला. मामी दारातून ओरडली, “आधी आत तरी येऊ द्या की त्यास्नी! उन्हात कशाला उभं केलंय?”

मामा गाडीकडे वळला. मी बॉनेट उघडलं, चालू केली. आवाज गोड होता, आबा, खरंच गोड होता. तो ऐकत उभा राहिला आणि मग म्हणाला, “कुणाला इचारून केलीस?”

मी म्हटलं, “मामा, तुमचीच आहे. तुमच्यासाठीच केली.”

“माझी हाय म्हणतीस, मग मला इचारायला काय झालतं? तीन वर्षांत फोन न्हवता व्हय तुझ्याजवळ?” त्यानं वाकून आत बघितलं. “ह्यो माझा गिअरबॉक्स न्हवं. बापानं एक केलं, लेकीनं दुसरं. आन मी हितं बसलोय.”

तिथं मला म्हणता आलं असतं की आबांचं चुकलं, माझंही चुकलं. दोन वाक्यं होती. मी तोंड उघडलं आणि त्याला इंजिनचं कॉम्प्रेशन किती आलंय ते सांगितलं. चारही सिलिंडरचं. मामा माझ्याकडे बघत राहिला. रागानं नव्हे, ओळखीचं काही दिसावं तसा.

आत पोळ्या खाल्ल्या. ते दोघं गुडघ्यांबद्दल बोलले, औषधांबद्दल, कुणाच्या नातवाच्या लग्नाबद्दल. तुमचा विषय निघाला नाही. आईचा हात मात्र सगळा वेळ त्याच्या मनगटावर होता. निघताना तो तिला म्हणाला, “बसनं यायचं हुतंस की गं. गाडीची काय वाट बघायची?” आईनं चाचपत चपला पायात घातल्या. मलाच बोलता आलं असतं. अर्ध्या अर्ध्या तासाला बस आहे.

मी किल्ली त्याच्यापुढे धरली. त्यानं ती घेतली नाही. “न्हे परत. मला आता पाय मुडपून आत बसता येत न्हाय.”

येताना आई डोळे मिटून बसली होती. झोपली नव्हती. रस्ता मोकळा होता, गाडी हलक्या पायानं पळत होती. हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि आईला ते वाचून दाखवायची माझी हिंमत नाही. तेव्हा तुम्हालाच सांगते. मामानं किल्ली नाकारली तेव्हा मला वाईट वाटलं, असं मी त्या रात्री डायरीत लिहिलं. ते खोटं आहे. जाताना अख्ख्या वाटेवर तो गाडी ठेवून घेईल, हीच मला धास्ती होती. तो नको म्हणाला आणि मला सुटल्यासारखं झालं.